पाहुण्याचं तिकीट कोणी काढायचं?

सप्टेंबर 2024 पासून वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात परदेशातून आलेल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाहुण्याला 35 डॉलरचं तिकीट पडतं. न्यूझीलंडचे डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबात सतराशे रुपयांच्या आसपास. देशात राहणाऱ्यांना प्रवेश पूर्वीसारखाच मोफत आहे. मी या शहरात राहते, त्यामुळे माझ्या खिशाला झळ नाही. तरीही हा निर्णय चुकला असं मला मनापासून वाटतं. का चुकला ते सांगायचं तर आधी हे शहर थोडं पायी फिरावं लागेल.

वेलिंग्टन 1865 पासून देशाची राजधानी आहे, पण राजधानी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारं ऐसपैसपण इथे नाही. डोंगर थेट बंदरात उतरतात. सपाट जमीन मुळातच कमी, आणि जी आहे तिच्यातली बरीचशी समुद्राकडून मिळवलेली. 1855 च्या मोठ्या भूकंपात किनारा वर उचलला गेला, नंतर भराव पडत गेले. आज दुकानांनी गजबजलेला लॅम्ब्टन की हा रस्ता एकेकाळी समुद्राची कड होता. जुनी किनाऱ्याची रेषा दाखवणाऱ्या पाट्या फुटपाथवर बसवल्या आहेत, आणि त्या वाचताना खरं पाणी दोन-तीन रस्ते पलीकडे असतं. घरं उतारावर टांगल्यासारखी. कित्येकांच्या दारापर्यंत गाडी पोचत नाही, फक्त पायऱ्या. ज्यांना परवडतं त्यांनी स्वतःच्या घरापुरती छोटी केबल कार बसवून घेतली आहे.

अशा दाटीमुळे इथली प्रेक्षणीय स्थळं एकमेकांच्या शेजारी येऊन बसली आहेत. रेल्वे स्टेशनसमोर 2007 पासून गांधीजींचा पुतळा आहे. तिथून काही पावलांवर 1876 ची जुनी सरकारी इमारत, सगळी लाकडाची, पण बाहेरून दगडी वाटावी अशी घडवलेली. रस्ता ओलांडला की संसद आणि तिच्या बाजूची गोल इमारत, जिला सगळे बीहाइव, म्हणजे मधाचं पोळं, म्हणतात. लॅम्ब्टन कीवरून 1902 पासून चालणारी केबल कार पकडली की 612 मीटरच्या प्रवासात 120 मीटर वर, थेट वनस्पती उद्यानाच्या माथ्यावर. तिथून गुलाबांच्या बागेतून पायी खाली उतरता येतं. बंदराकाठी 1892 च्या जकातीच्या गोदामात शहराचं संग्रहालय. त्याच्या पुढे दहा-बारा मिनिटांवर ते पापा. संसदेपासून ते पापापर्यंत रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासाच्या वर लागत नाही.

यातली एकेक गोष्ट सुटी काढून जगाच्या नकाशावर ठेवली तर तिच्यासाठी कोणी बारा-चौदा तास विमानात बसणार नाही. माउंट व्हिक्टोरिया 196 मीटरची टेकडी आहे. क्यूबा स्ट्रीटवरचं 1969 चं बादल्यांचं कारंजं मुलांना आवडतं, पण शेवटी त्या रंगीत बादल्याच आहेत. शहराची खरी श्रीमंती या सगळ्यांच्या जवळिकीत आहे. सकाळी टेकडी, मग कॉफी, मग पाऊस आला म्हणून एखाद्या दालनात अर्धा तास, पाऊस थांबला की धक्क्यावर. इथला वारा कोणाचंही वेळापत्रक मानत नाही. कुकच्या सामुद्रधुनीतून दक्षिणेचा वारा आला की दहा मिनिटांत स्वेटर शोधावा लागतो. तेव्हा माणसं आत शिरायची, आणि शिरायची ती बहुतेक वेळा ते पापात.

आपल्याकडच्या जुन्या घरांना ओसरी असायची. वाटेवरचा माणूस तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, घरातल्यांशी दोन शब्द बोलायचा आणि पुढे जायचा. त्याला माजघरात यायचं आमंत्रण लागत नसे आणि तो कोण हे विचारायची घाईही कोणाला नसे. 14 फेब्रुवारी 1998 ला उघडल्यापासून ते पापा हे या शहराची ओसरी होतं. पहिल्याच वर्षात वीस लाख माणसं आली, देशाची तेव्हाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत असताना. संग्रहालयाने स्वतःचं वर्णनच ‘आपली जागा’ असं केलं होतं.

ओसरीला तिकीट लागलं की माणसाच्या वागण्यात काय फरक पडतो, हे संग्रहालयांबद्दल बोलताना फारसं कोणी विचारात घेत नाही. फुकट दारातून माणूस एका गोष्टीसाठी आत जातो. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात सापडलेला महाकाय स्क्विड बघायचा आणि बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन भूकंपाच्या खोलीत उभं राहायचं, जिथे पायाखालची जमीन हलते. कोयना किंवा किल्लारीच्या आठवणी असलेला माणूस त्या खोलीत ज्या गांभीर्याने उभा राहतो ते मी पाहिलं आहे. हे झाल्यावर तो बाहेर जाऊन इमारतीच्या पोटाखालचे आधार बघतो, कारण ही अवाढव्य इमारत 152 आधारांवर उभी आहे आणि ते बघायची सोय केलेली आहे. शिसं आणि रबर यांचे हे आधार भूकंपाचा हिसका वर पोचू देत नाहीत. हे तंत्र बिल रॉबिन्सन या न्यूझीलंडच्याच अभियंत्याचं. 2001 च्या भूकंपानंतर भूजमध्ये उभं राहिलेलं नवं रुग्णालयही याच तंत्रावर बांधलं गेलं. एका मध्यमवयीन मराठी माणसाला हे कळतं तेव्हा त्याच्या मनात जे जोडलं जातं ते पाऊण तासाच्या भेटीत होऊ शकतं, मात्र ती भेट सहज व्हायला हवी.

सतराशे रुपये दिलेला माणूस सहज येत नाही. नवराबायको असतील तर दोघांचे साडेतीन हजार. मग पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून तो सहाही मजले एका दमात पायाखाली घालतो, तिसऱ्या तासाला बाकावर बसून मोबाइल बघतो आणि परत कधी येत नाही. किंवा मुळातच जात नाही आणि दारातल्या पायऱ्यांवर फोटो काढून पुढे सरकतो. दोन्हीत नुकसान संग्रहालयाचं आहे, आणि शहराचंही. एकमेकांना लागून असलेल्या दहा ठिकाणांमधलं सर्वांत मोठं घर दाराला कडी लावतं, तेव्हा आजूबाजूच्या फिरण्याचीच लय बिघडते.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. इतकी मोठी वास्तू चालवायला पैसा लागतो. वीज, विमा, पगार, वस्तूंची निगा, सगळं महागलं. भूकंपप्रवण शहरात तर इमारतींवरचा खर्च कधी कुठे जाईल सांगता येत नाही. 2016 च्या कायकोउरा भूकंपानंतरची इथली यादी बघा. शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद करावं लागलं, आणि जुन्या टाउन हॉलच्या मजबुतीकरणाचा अंदाज सुरुवातीच्या आकड्याच्या कित्येक पटींनी वाढला. इथला करदाता विचारतो की आम्ही कर भरतो, पाहुणा भरत नाही, मग त्याने दारात दिले तर बिघडलं काय? जगातही वारं याच दिशेने आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2018 मध्ये राज्याबाहेरच्यांना तिकीट सक्तीचं केलं. पॅरिसच्या लूव्रने 2026 च्या जानेवारीपासून युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येणाऱ्यांसाठी ते 32 युरोवर नेलं.

आणि आपण मराठी माणसांनी तर या विषयावर बोलताना आधी घरात बघावं. अजिंठ्याला, वेरूळला, घारापुरीला भारतीयांना 40 रुपये आणि परदेश्यांना 600. पंधरा पट. आपल्याला कधी त्याचं काही वाटलेलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं, एका डच सहकाऱ्याने विचारेपर्यंत. तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आजही मला अर्धंच पटतं. अजिंठ्याची चित्रं श्वासाच्या दमटपणानेही खराब होतात, तिथे गर्दी आवरणं हेच रक्षण आहे, आणि तिथे माणूस मुद्दाम, आयुष्यात एकदा-दोनदा, दिवसभराची वाट करून जातो. ती ओसरी नाही, गाभारा आहे. पण घारापुरीच्या बोटीत बसलेल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला 600 रुपये लावताना आपण कसलं रक्षण करतो, याचं चांगलं उत्तर माझ्यापाशी नाही.

म्हणून माझा आक्षेप पाहुण्याकडून पैसे घेण्याला नाही. आक्षेप आहे तो ते कुठे घ्यायचे याला.

परदेशी पर्यटकांकडून न्यूझीलंड आधीच एक कर घेतो. व्हिसा किंवा प्रवासाची परवानगी काढताना तो भरावा लागतो, व्हिसाची फी वेगळी. पर्यटनासाठीच्या सोयी आणि निसर्गाचं जतन यांसाठी तो वापरायचा असं धोरण आहे. 1 ऑक्टोबर 2024 ला हा कर 35 वरून 100 डॉलर झाला. ते पापाच्या तिकिटाची सुरुवात त्याच्या दोनच आठवडे आधीची. म्हणजे ज्या पंधरवड्यात सरहद्दीवरचा कर जवळजवळ तिप्पट झाला त्याच पंधरवड्यात राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारातही हात पुढे आला. ही दोन खाती एकत्र बसून बोलली असती तर त्या वाढलेल्या 65 डॉलरमधला छोटासा वाटा संग्रहालयाकडे वळवता आला असता. पाहुण्याने तेवढेच पैसे दिले असते, पण एकदाच आणि विमानतळाच्या अलीकडे. पुढे शहरात तो मोकळ्या मनाने फिरला असता. राष्ट्रीय संग्रहालय ही पर्यटनाची सोय नसेल तर दुसरी कुठली?

यावर एक रास्त उत्तर येतं. ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या बहुतेकांना हा कर माफ आहे, आणि परदेशी पाहुण्यांत सर्वांत मोठी संख्या ऑस्ट्रेलियनांची. त्यांच्याकडून काही मिळवायचं तर दारातच मिळवावं लागेल. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण मग त्याच दाराच्या आत काय आहे ते पाहा. 2015 पासून तिथे पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेचं प्रदर्शन आहे. त्या मोहिमेतल्या आठ खऱ्या माणसांच्या, माणसाच्या आकाराच्या 2.4 पट मोठ्या मूर्ती. घामाचा थेंब, नखाखालची माती, जखमी सैनिकाजवळ वाकलेला डॉक्टर, भावाच्या मृत्यूची बातमी हातात घेऊन बसलेली परिचारिका. न्यूझीलंडची 2,779 माणसं त्या मोहिमेत मृत्युमुखी पडली. त्याच खंदकांत ऑस्ट्रेलियन होते, समोर तुर्क होते, आणि आपले हिंदुस्थानी सैनिक, खेचरं हाकणारे, शीख, गुरखे, तेही होते. याच शहरात, तराकेना खाडीच्या वरच्या टेकाडावर, समोरच्या सैन्याच्या सेनानीचं, अतातुर्कचं स्मारक आहे. 1990 मध्ये ते उभारलं, आणि जागा निवडताना ती गॅलिपोलीच्या किनाऱ्यासारखी दिसते हे पाहिलं. टेकडीवर शत्रूलाही जागा देणाऱ्या शहराने त्याच युद्धाची गोष्ट ऐकायला ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याला, तुर्की विद्यार्थिनीला किंवा जालंधरच्या शेतकऱ्याला तिकीट लावावं, हे मला पटत नाही. ती गोष्ट एकट्या न्यूझीलंडची नाहीच.

संग्रहातल्या आणखी एका वस्तूचा मला नेहमी विचार येतो. वीतभरही लांब नसलेली एक काशाची घंटा. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला 1836 च्या सुमारास फांगारेईजवळ माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांकडे ती सापडली, तेव्हा ते तिचा भांड्यासारखा वापर करत होते. घंटेवर तमिळ अक्षरं आहेत, आणि ती मोहैदीन बक्ष नावाच्या कोणाच्या तरी जहाजाची असल्याचं त्यांत कोरलं आहे. हिंदी महासागरातली ही घंटा जगाच्या या टोकाला कशी पोचली, हे कोडंच आहे. राष्ट्रीय संग्रहालयात असं बरंच काही असतं जे राष्ट्राच्या बाहेरून आलेलं असतं. ते सांभाळल्याबद्दल सांभाळणाऱ्याचे आभार मानायला हवेत. पण ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ अशी रेघ दारात ओढताना ही घंटा कोणाच्या बाजूला ठेवणार?

सगळ्याच तिकिटांना माझा विरोध नाही हे इथेच सांगते, कारण याच शहरात एक तिकीट असं आहे जे मी दर वेळी आनंदाने काढते. करोरी उपनगरातल्या जुन्या पाणीपुरवठ्याच्या तलावांभोवती 225 हेक्टरचं झीलँडिया अभयारण्य आहे. 1999 मध्ये त्याच्याभोवती 8.6 किलोमीटरचं कुंपण पुरं झालं, उंदीर, मुंगसासारखा दिसणारा स्टोट आणि मांजर यांना रोखणारं. ते कुंपण सतत तपासावं लागतं. एक झाड पडलं, एक फट पडली, की वर्षांची मेहनत वाया. तिथल्या तिकिटाचा पैसा त्या कुंपणात जातो, आणि फळ कुंपणाबाहेर पडतं. 2002 पासून तिथे सोडलेले काका पोपट आज शहरभर उडतात, वनस्पती उद्यानातल्या झाडांच्या साली सोलतात, लोकांच्या गच्चीवर येऊन बसतात. पोपटाला काका म्हणतात हे ऐकून आपल्याकडून आलेली लहान मुलं फार खूश होतात. तिकीट काढलेल्याला आणि न काढलेल्याला तो पोपट सारखाच दिसतो. शिवाय त्या दारात इथला आणि बाहेरचा असा भेदही पाहिला जात नाही. असं तिकीट मला न्याय्य वाटतं.

ते पापाच्या चौथ्या मजल्यावर रोंगोमाराएरोआ हा मराए आहे, माओरींचं एकत्र येण्याचं पवित्र अंगण. बहुतेक मराए कुठल्या ना कुठल्या कुळाचे असतात. हा मात्र क्लिफ व्हायटिंग या कलावंताच्या मार्गदर्शनाखाली मुद्दाम सर्वांसाठी घडवला गेला, कुठूनही आलेल्या माणसाला इथे उभं राहायचा हक्क असावा म्हणून. माओरी भाषेत मानाकितांगा असा एक शब्द आहे. पाहुण्याला मान देणं, खाऊपिऊ घालणं, आणि तसं करण्यात यजमानाचाच मान वाढतो हे जाणणं, हे सगळं त्यात येतं. आपल्याला तो शब्द समजवावा लागत नाही. इथल्या सरकारी कागदांत, पर्यटनाच्या धोरणांत तो शब्द जागोजागी येतो. त्याला दारात काही अर्थ राहावा एवढंच मी मागते आहे.

इथे माझ्या ओळखीच्या घरांची गोष्ट येते. वेलिंग्टनच्या उत्तरेच्या टेकड्यांवर एक उपनगर आहे, त्याचं नाव खंडाला. ब्रिटिश हिंदुस्थानात नोकरी करून आलेल्या माणसांनी ते नाव आणलं, आणि मग रस्तेही तसेच आले: गँजिस रोड, डेल्ही क्रेसेंट, सिमला क्रेसेंट. हा शेवटचा तर रेल्वेचा थांबाही आहे. नावं आली तेव्हा माणसं फारशी आली नव्हती. आता आली आहेत. त्या टेकड्यांवर मराठी घरं आहेत आणि दर उन्हाळ्यात त्या घरांत पुण्याहून, नागपूरहून, सांगलीहून आईवडील येतात. कोणी दोन महिने राहतात, कोणी पाच. बाळंतपण काढतात, नातवंडांना शाळेतून आणतात, पावसाच्या दिवशी त्यांना घेऊन कुठे जायचं हे शोधतात. व्हिसाच्या कागदावर ते पर्यटक आहेत. नातू सोळाच्या आतला म्हणून मोफत, मुलगा-सून इथले म्हणून मोफत, आणि त्यांना हात धरून आणणारी आजी परदेशी म्हणून 35 डॉलर. एका कुटुंबाच्या मधून ही रेघ जाते. असा खर्च परवडत नाही असं बहुतेकांचं म्हणणं नसतंच. आजीच म्हणते, ‘तुम्ही जाऊन या, मी बाहेर बसते.’ धक्क्यावर ती एकटी बसते तेव्हा संग्रहालयाला तिच्याकडून काहीच मिळत नाही, आणि नातवाला कौरी या इथल्या झाडाच्या लाकडाबद्दल ती जे सांगू शकली असती, आपल्याकडच्या सागवानाशी जोडून, ते सांगायचं राहून जातं.

भारताने या बाबतीत एक गोष्ट बरी केली आहे. ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या पण मुळं भारतातली असलेल्या माणसाला स्मारकांवर आणि राष्ट्रीय संग्रहालयांत भारतीयाइतकंच तिकीट पडतं. पासपोर्टच्या पलीकडचं नातं दारात मानलं गेलं. न्यूझीलंडला तेवढा कायदेशीर खटाटोप करायची गरजही नाही. इथे राहणाऱ्या माणसाला आपल्यासोबत दोन पाहुणे मोफत आत नेता यावेत, एवढा नियम पुरेसा आहे. पत्ता दाखवणारा एखादा कागद यजमानाने दाखवावा, पाहुण्याला काही विचारू नये. एकट्या फिरणाऱ्या पाहुण्यासाठी तिकीट ठेवायचंच असेल तर ते त्याच्या मुक्कामभराचं हवं, म्हणजे निदान पाऊस आला की त्याला पुन्हा आत यायची मुभा राहील. आणि सरहद्दीवरच्या 100 डॉलरमधून संग्रहालयाचा वाटा निश्चित झाला की हेही तिकीट काढून टाकावं.

संसदेसमोरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात 2017 पासून ‘हे तोहू’ नावाचं दालन आहे. काळोख्या, घुमटासारख्या लाकडी खोलीत देशाची तीन मूळ कागदपत्रं ठेवली आहेत: 1835 ची स्वातंत्र्याची घोषणा, 1840 चा, माओरी आणि ब्रिटिश यांच्यातला वाइतांगीचा तह आणि स्त्रियांना मताधिकार मिळवून देणारा 1893 चा अर्ज. देशाजवळ यांच्यापेक्षा मोलाचं काही नाही. त्या दारात कोणालाही पैसे पडत नाहीत आणि तुम्ही कुठून आलात हेही कोणी विचारत नाही. ते पापापासून हे ठिकाण अर्ध्या तासाच्या चालीवर आहे.

दिवाळी झाली की इथला उन्हाळा जवळ येतो आणि आईवडिलांची विमानं उतरायला लागतात. सोबतच्या दोन पाहुण्यांचा नियम करायला ना नवी इमारत लागते ना नवा कायदा. तो या उन्हाळ्याआधी व्हावा.